पहाटे पाचचा दिवाणजी

मी दिवाणजी आहे असं कळलं की परगावचा पाहुणा जरा सावरून बसतो. त्याच्या डोळ्यांपुढं पगडी, अंगरखा आणि मागं पंखा ढाळणारा हुजऱ्या असं काहीतरी उभं राहत असावं. इचलकरंजीला जहागीर होती हे खरं, घोरपड्यांची. पण मी त्या खात्यातला नव्हे. आमच्या गावात यंत्रमागाच्या कारखान्यात बसून जो सूत, कापड आणि मजुरी यांचा हिशेब लिहितो, त्याला दिवाणजी म्हणतात. पगडीच्या जागी कानावर पेन्सिल असते आणि हुजऱ्याच्या जागी चहावाला पोऱ्या. तोही उधारी मागायला आलेला.

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला. पहिला दिवाणजी कधी आला याची नोंद माझ्या पाहण्यात नाही, पण फार उशीर झाला नसावा. कारण माग सुरू झाला की कापड निघतं, कापड निघालं की मजुरी निघते आणि मजुरी निघाली की वाद निघतो. तो वाद मिटवायला वही लागते. मी ही वही १९७९ साली हातात घेतली. मधल्या काळात मालकांच्या दोन पिढ्या झाल्या, माझ्या चष्म्याचे सात नंबर झाले, पण आठवड्याच्या पगाराला माझी बेरीज चुकली असं कुणी म्हटलं नाही. निदान माझ्यासमोर तरी.

आता आमच्या मजुरीचा हिशेब थोडा समजावून सांगतो, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. मागावरचा धोटा एकदा इकडून तिकडं गेला की एक आडवा धागा पडतो. त्याला आमच्याकडं पीक म्हणतात. (शेतकी खात्याचा याच्याशी संबंध नाही.) इंचात पिकं जितकी जास्त तितकं कापड दाट, तितका माग हळू पुढं सरकणार, तितका मीटरचा दर जास्त. म्हणजे अमुक पिकांच्या कापडाला मीटरमागे अमुक पैसे, गुणिले मीटर, वजा उचल, की झाला पगार. चौथीतल्या पोराला येईल असं गणित. फरक इतकाच की चौथीतल्या पोराचं उत्तर चुकलं तर त्याला छडी बसते, आणि माझं चुकलं तर कुणाच्या तरी घरात त्या आठवड्याला तेल कमी येतं.

हे गणित संगणकावर घालायची कल्पना माझ्या भाच्याची. भाचा पुण्याला हिंजवडीत असतो. तिथं तो नेमकं काय करतो हे त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, अजून नीट सांगता येत नाही. ती "मोठ्या काचेच्या इमारतीत" एवढंच सांगते. दिवाळीला आला असता माझं पगारपत्रक पाहून तो म्हणाला, "मामा, हे सगळं मी दोन तासांत स्क्रिप्टमध्ये बसवून देतो."

स्क्रिप्ट म्हटल्यावर मला नाटक आठवलं. पण ही पायथॉन नावाच्या भाषेतली निघाली. मालक खूश झाले. मला मात्र आपल्या खुर्चीत अजगर येऊन बसणार या बातमीनं फारसा आनंद झाला नाही.

पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. भाच्यानं कामगारांच्या नावांची यादी मराठीत करून दिली होती. मी त्या फाइलवर दोनदा टिचक्या मारल्या, एक्सेल उघडलं आणि बघतो तो नावांच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ दिलेले इंग्रजी ए, मध्येमध्ये कसलं तरी नाण्यासारखं चिन्ह आणि चक्क जपानी येन! ज्या गावात १९७४ साली पु. ल. देशपांड्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं, त्या गावच्या पगारपत्रकात मराठीची ही दशा. बारकाईनं पाहता आणखी एक शोध लागला. ज्याच्या नावात नुसते काने आणि पहिल्या वेलांट्या, त्याला एकही येन नाही. उकार, मात्रा, दुसरी वेलांटी किंवा जोडाक्षर असलं की येन मिळतो. आमच्या जॉबरच्या आडनावात दोन जोडाक्षरं आणि एक मात्रा. तो त्या दिवशी कारखान्यातला सर्वांत श्रीमंत माणूस होता.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "फाइल ठीक आहे मामा. तुम्ही चुकीच्या दारातनं आत शिरलात. दोन टिचक्यांनी उघडली की एक्सेल तिला जुन्या इंग्रजी लिपीतली समजतं. आधी एक्सेल उघडा, मग डेटामध्ये जाऊन फाइल आत घ्या आणि तिथं यूटीएफ-आठ निवडा." तसं केलं आणि सगळी मंडळी आपापल्या मराठी नावांनी हजर झाली. फाइल तीच, एक्सेल तेच, बोट माझंच. दार तेवढं बदललेलं.

त्याच वेळी मी शहाणा व्हायला हवं होतं. पण माणूस एका येनानं शहाणा होत नाही. पुढं भाच्यानं फाइलीच्या तोंडाशी काहीतरी खूण घातली आणि मग ती दोन टिचक्यांनीही मराठी बोलू लागली. मी विषय बंद केला.

यानंतर सहा महिने सगळं झकास चाललं. भाच्यानं पुढची सोय केली. पगाराच्या दिवशी पहाटे पाचला संगणक आपण होऊन स्क्रिप्ट चालवणार, छपाई यंत्र आपण होऊन पावत्या काढणार. सकाळी आठला कार्यालयात येणारी मुलगी त्या कापून नाववार लावून ठेवणार. ही मुलगी बी.कॉम. करते. सकाळी आमच्याकडं दोन तास काम, मग कॉलेज. मला काका म्हणते, आणि अकाउंट्सचं काही अडलं की वही घेऊन समोर बसते. तिच्या पुस्तकातला ताळेबंद नेहमी जुळतो याचं मला आश्चर्य वाटतं, आणि माझा जुळतो याचं तिला.

मी आपला दहाला येतो, चहा घेतो आणि तयार पावत्यांवर सही करतो. आयुष्यात प्रथमच मला संस्थानच्या दिवाणजीसारखं वाटू लागलं होतं.

अशात मालकांनी मीटरमागे सहा पैसे वाढवले. दरांची एक छोटी फाइल भाच्यानं स्क्रिप्टच्या शेजारीच, 'पगार' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. ती उघडायची, आकडा बदलायचा, की काम झालं. मी आकडा बदलला, स्क्रिप्टवर दोन टिचक्या मारून पाहिलं. नवा दर बरोबर लागला. मी समाधानानं घरी गेलो आणि सौभाग्यवतींना म्हणालो, "आता या आठवड्यापासून पोरांच्या हातात चार पैसे जास्त पडतील."

पडले नाहीत.

पहिल्या पगाराला दोघंतिघं "दिवाणजी, वाढ काय दिसंना झालीया" असं हसत म्हणाले. मी त्यांना वाढ आणि महागाई यांच्या संबंधावर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. वीज दोनदा गेली होती, एक बीम खराब लागला होता, मीटर कमी पडले असणार. वाढ ही डोळ्यांना दिसत नसते, ती हळूहळू जाणवते, असं एक वाक्यही मी त्यात टाकलं. आज ते आठवलं की पाणी पिऊन गप्प बसावंसं वाटतं.

दुसऱ्या आठवड्याला आमचा सर्वांत जुना कामगार आला. हा कांडीवाला पोरगा म्हणून कारखान्यात आला त्याच वर्षी मी टेबलाला लागलो. तो रोजचे मीटर एका छोट्या डायरीत लिहितो. डायरी कसली, कुठल्याशा औषध कंपनीनं डॉक्टरला दिलेली आणि डॉक्टरनं याला दिलेली.

"दिवाणजी, ह्यात नव्वद रुपयं कमी हाईत."

"अरे, संगणकानं केलंय. मी केलेलं नाही."

"म्हणूनच म्हंतोय."

मी ते हसण्यावारी नेलं. तिसऱ्या आठवड्याला तो पुन्हा आला तेव्हा मात्र मी त्याच्यासमोर बसून स्क्रिप्टवर दोन टिचक्या मारल्या. पडद्यावर आकडा आला तो त्याच्या डायरीतला, पैसा न पैसा! हातातली पावती नव्वदनं कमी, पडद्यावर नव्वद जास्त. मी म्हटलं, त्याचे मीटर मी उशिरा भरले असतील. फरक रोख दिला, भाच्याला फोन केला. त्यानं पुण्यात बसून माझ्या संगणकाचा ताबा घेतला, माझ्या डोळ्यांदेखत बाण आपोआप हलला, दोन टिचक्या पडल्या. "मामा, बरोबर तर येतंय."

येतंयच. आम्ही बघत होतो ना!

वाचकहो, हा अनुभव तुम्हाला नवा नसेल. आमच्या नातवाचा ताप रात्रभर एकशे दोन असतो आणि डॉक्टरांच्या पायरीवर पाऊल ठेवताच अठ्ठ्याण्णववर येतो. माझी स्कूटर चौकात पन्नास लाथा खाऊन मख्ख राहायची, आणि मेकॅनिकच्या पहिल्या लाथेला सुरू होऊन मला खोटं पाडायची. आणि मागाची तर जातच तशी आहे. धागा तुटतोय, धोटा उडतोय म्हणून जॉबरला बोलवावं, तर तो पाना हातात घेऊन उभा असेपर्यंत माग एखाद्या गरीब गाईसारखा चालतो. जॉबरची पाठ वळली की फाट! संगणकवाल्यांनी म्हणे अशा दोषाला एक नावच ठेवलंय. हायझेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञावरून हायझेनबग, म्हणजे बघायला गेलं की रूप बदलणारा दोष. आमच्याकडं त्याला नाव नाही. आम्ही जॉबरला तिथंच उभं करून ठेवतो.

चौथ्या आठवड्याला पुन्हा तेच झालं. पावती कमी, दोन टिचक्यांनी बरोबर. मी फरक पुन्हा रोख दिला आणि विचार करत बसलो. इथून पुढचं लिहायला मला आवडत नाही, पण हिशेबात खोडाखोड करायची मला सवय नाही.

यंत्र चुकत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. डायरीही चुकत नाही. मग पहाटे पाच आणि सकाळी दहा यांच्या मध्ये त्या पावत्यांना हात कोण लावतं?

मी त्या मुलीला विचारलं. सरळ नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं पैशाजवळ बसलेला माणूस सरळ विचारत नाही. चहा पिता पिता, नजर दुसरीकडं ठेवून म्हटलं, "पावत्या छापून आल्या की मध्ये कुणी हात लावतं का गं?"

"मीच लावते, काका."

एवढंच. पुढं काही बोलली नाही. पावत्यांत फेरफार करून तिला मिळणार काय होतं, रोकड तर माझ्याच कपाटातून जाते, हे साधं गणित मला त्या वेळी सुचलं नाही. चौथीतल्या पोराला सुचलं असतं. दुसऱ्या दिवसापासून ती वही घेऊन समोर बसेना. "परीक्षा जवळ आली काय?" असं विचारलं तर "नाही" म्हणाली. चहा मात्र माझ्या टेबलावर रोज वेळेवर येत होता, आणि तो मला रोज थोडा गार वाटत होता.

पुढच्या पगाराच्या दिवशी मी पहाटे साडेचारला कारखान्यात जाऊन बसलो. कानाला मफलर, हातात थर्मास, सौभाग्यवतींचा निरोप: "अहो, चोर सापडला तर आधी मालकांना बोलवा, तुम्ही धरायला जाऊ नका." बाहेर रात्रपाळीचा खडखडाट चालू होता. इचलकरंजीच्या माणसाला त्या आवाजात झोप येते. माग बंद पडले तर जाग येते. मी जागा राहण्यासाठी स्वतःला चिमटे काढत बसलो होतो.

पाच वाजले. कुणी आलं नाही. छपाई यंत्रानं घसा खाकरला आणि सगळं सुरू झालं. एक, दोन, तीन, बावीस पावत्या. गरम गरम. मी म्हाताऱ्याची पावती उचलली.

कमी!

अंगावर काटा आला. खोलीत मी एकटा. दार आतून बंद. मी थरथरत्या बोटानं दोन टिचक्या मारल्या. बरोबर! त्याच संगणकात दोन दिवाणजी बसले होते. एक माझ्यासमोर चोख हिशेब करणारा, आणि दुसरा पहाटे पाचला, कुणी बघत नाही असं समजून, मीटरमागे सहा पैसे कापणारा. आणि मी संशय कुणाचा घेतला होता?

भाच्याला पाच वाजून दहा मिनिटांनी उठवलं. हिंजवडीत त्या वेळी कुणी जागं नसतं, किंवा झोपलेलंच नसतं. आमचा भाचा दुसऱ्या वर्गातला निघाला. सगळं ऐकून म्हणाला, "मामा, हा एन्व्हायर्न्मेंटचा प्रॉब्लेम दिसतोय."

मी म्हटलं, "अरे, पगारात पंचगंगेचं काय? ते प्रदूषणाचं तू महापालिकेला सांग."

तो हसला नाही. "काळी खिडकी उघडा. मी सांगतो ते टाइप करा." मी केलं. काळ्या खिडकीतून स्क्रिप्ट चालवली आणि तिसराच धक्का बसला. मी स्वतः बसलेलो, जागा, चष्मा लावून, तरीही आकडा कमी! "आता सीडी लिहा, जागा सोडा आणि पगार फोल्डरचा पत्ता द्या. आता परत चालवा." तीच खिडकी, तीच स्क्रिप्ट, आकडा बरोबर.

फोनवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग भाचा हळू आवाजात म्हणाला, "मामा, चूक माझी आहे."

झालं होतं ते असं. मीटरच्या नोंदी दुसऱ्या डब्यात, डी ड्राइव्हमध्ये असतात. त्यांचा पत्ता भाच्यानं स्क्रिप्टमध्ये घर नंबर, गल्ली, पोस्ट, तालुका असा पूर्ण लिहिला होता. दराची फाइल मात्र शेजारीच म्हणून तिच्यापुढं त्यानं नुसतं "इथंच आहे" अशा अर्थाचं लिहिलं. आता 'इथं' म्हणजे कुठं? मी दोन टिचक्या मारतो तेव्हा स्क्रिप्ट आपल्याच फोल्डरमध्ये उभी असते, तिचं 'इथं' म्हणजे पगार फोल्डर. काळ्या खिडकीतून हाक मारली तर खिडकी जिथं उभी असेल ते 'इथं'. आणि पहाटे पाचला विंडोजचा वेळापत्रकवाला तिला उठवतो तेव्हा ती उभी असते विंडोजच्या अगदी माजघरात, सिस्टिम थर्टीटू नावाच्या फोल्डरमध्ये. तिथं आमच्या कारखान्याचे दर कुठून असणार?

"मग तिला फाइल सापडली नाही तर तिनं ओरडायचं की!"

"तिथंच चूक झाली. पगाराच्या दिवशी अडून बसू नये म्हणून मी जुना दर आतच लिहून ठेवला होता. फाइल नाही मिळाली तर तो घ्यायचा."

म्हणजे पहिले सहा महिने ती दर पगाराला सिस्टिम थर्टीटूमध्ये हात चाचपडत होती, फाइल मिळत नव्हती, आणि पाठ केलेला दर म्हणून दाखवत होती. तो दर तेव्हा योगायोगानं बरोबर होता. सहा पैशांनी तिचं बिंग फोडलं.

त्या वेळापत्रकात एक रकाना असतो, 'स्टार्ट इन', म्हणजे कुठं उभं राहून सुरुवात करायची तो. त्याच्यापुढं कंसात लिहिलंय, 'ऑप्शनल'. भाच्यानं तो मोकळा सोडला होता. मीही सोडला असता. सरकारी अर्जातसुद्धा ऐच्छिक म्हटलेला रकाना मी कधी भरलेला नाही.

नंतर सवडीनं भाच्यानं मला ते एन्व्हायर्न्मेंट प्रकरण समजावलं. प्रत्येक प्रोग्रॅम निघताना ज्यानं त्याला बोलावलं त्याच्याकडून एक गाठोडं घेऊन निघतो. कुठं उभा आहे, साधनं कुठं शोधायची, कुठली भाषा, कुणाच्या नावानं काम चाललंय. माणसानं बोलावलं तर गाठोडं भरलेलं. वेळापत्रकवाल्यानं बोलावलं तर जवळजवळ रिकामं. हा आजार विंडोजपुरता नाही. युनिक्स नावाच्या प्रणालीत क्रॉन म्हणून असाच एक पहाटे उठवणारा गडी आहे. १९७९ सालच्या सातव्या युनिक्समध्ये तोही होता आणि ही गाठोडीही होती, तेव्हापासून जगभरची शहाणी मंडळी "माझ्या हातानं चालवलं की चालतं, क्रॉननं चालवलं की चालत नाही" म्हणून डोकं धरून बसतात. मॅकवर गोदीतल्या चित्रावर बोट ठेवून उघडलेला प्रोग्रॅमही काळ्या खिडकीतल्या माणसाची साधनं ओळखत नाही म्हणे. १९७९ ऐकून मला जरा बरं वाटलं. माझ्याच वर्षी लागलेला माणूस, आणि त्यालाही अजून हिशेब लागत नाही.

गाठोड्याचं मला लगेच पटलं. मी घरून मंडईला निघतो तेव्हा सौभाग्यवती पिशवी, यादी, सुटे पैसे आणि वाचायचा चष्मा हातात देतात, आणि मी गवार आणतो. तोच मी कारखान्यातून परस्पर मंडईत गेलो की यादी नाही, चष्मा नाही. पाठ केलेली भाजी म्हणून दर वेळी वांगी घेऊन येतो. "तुम्हाला फाइल सापडत नाही" असं म्हणायला सौभाग्यवती आता शिकल्या आहेत.

भाच्यानं दुरुस्ती केली. 'इथंच' ऐवजी 'मी जिथं ठेवलेली आहे तिथं' असं स्क्रिप्टला शिकवलं, मग तिला कुणी कुठूनही हाक मारो. पाठ केलेला दर खोडून टाकला. फाइल नाही मिळाली तर एकही पावती छापायची नाही, मोठ्यानं बोंब मारायची. रकानाही भरला, ऐच्छिक असूनसुद्धा. आणि एक सुधारणा माझी. आमच्या जुन्या चोपडीत प्रत्येक पानाच्या डोक्याला तारीख, कापडाची जात आणि चालू दर लिहायची पद्धत होती. ती मी पावतीवर आणायला लावली. आता दर पावतीच्या डोक्याला छापून येतं: चालवणारा कोण, उभा कुठं, दर कुठल्या फाइलीतला, दर किती. पहाटेच्या गड्याला काय सांगायचं ते त्यानं सगळ्यांसमोर सांगावं.

बाकी निघाली ती चार आठवड्यांची. मी संगणक बंद ठेवून हातानं काढली. एकवीस जणांची पूर्ण आणि म्हाताऱ्याची दोन आठवड्यांची मिळून ७,६१८ रुपये. मालकांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "दिवाणजी, चूक झाली तर झाली, पण ती माझ्या फायद्याची झाली हे गावाला काय सांगायचं?" तेवढंच बोलून पैसे काढून दिले. वाटताना मी प्रत्येकाला चूक आमची होती असं सांगत होतो. जास्त कुणी ऐकून घेतलं नाही. एकजण मात्र म्हणाला, "आमाला वाटलं हुतं वो, पर म्हटलं दिवाणजी हाईत, बरुबरच आसंल." त्यानं ते कौतुकानं म्हटलं होतं. रात्री जेवताना घास गिळायला वेळ लागला.

म्हाताऱ्यानं पैसे मोजले, डायरीत टिपले. मी म्हटलं, "बाबा, तुझी डायरी जिंकली."

"डायरी कसली जितंतीया? मी आपला एकाच जागी बसून लिवतो."

राहिली ती मुलगी. तिला मी सकाळी आठलाच गाठलं. दहाची वाट बघितली नाही. या खेपेला नजर तिच्याकडं ठेवली. सांगितलं की पावत्या पहाटेच चुकत होत्या, मी विचारलं ते चुकीचं विचारलं, आणि का विचारलं तेही सांगितलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय? स्क्रिप्ट चुकतेय ते?"

"नाही. मी नाही ते."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. मी कात्री घेतली आणि तिच्याबरोबर पावत्या कापायला बसलो. बावीसपैकी तीन मी वाकड्या कापल्या. त्या तिनं सरळ केल्या.

वही घेऊन ती लगेच समोर बसली नाही. दोन पगार गेले. तिसऱ्या पगाराच्या दिवशी मी दहाला आलो तर पावत्यांचा गठ्ठा टेबलावर, वरच्या पावतीच्या डोक्यावरच्या ओळीखाली पेन्सिलीनं बारीक रेघ मारलेली, आणि गठ्ठ्याशेजारी ताळेबंदाची वही उघडी.

"काका," ती म्हणाली, "आज घरातनंच निघालंय. आणि हे डेप्रिसिएशन कुठल्या बाजूला टाकायचं ते सांगा."